नवे खेळणे दोन दिवसांत टाकणारी मांजर : कारणे आणि उपाय

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. मांजरीसाठी हौसेने खेळणे आणावे, पहिल्या संध्याकाळी तिने त्यावर तुटून पडावे, दुसऱ्या दिवशी जाता-येता एखादा पंजा मारावा आणि तिसऱ्या दिवसापासून ते सोफ्याखाली धूळ खात पडावे. मग दुसरे आणले जाते आणि त्याचीही तीच गत होते. काही मांजरी तर पहिल्याच दिवशी खेळण्याचा वास घेऊन पाठ फिरवतात. बरेच पैसे खर्ची पडल्यावर घरातली माणसे तिला आळशी किंवा नखरेल ठरवून मोकळी होतात, आणि ती मात्र दिवसभर झोपून पहाटे चार वाजता घरभर धावू लागते.

मुलुंडच्या आमच्या घरात हा क्रम जवळजवळ वर्षभर चालला. आमची ठमी आता पाच वर्षांची आहे. एका पावसाळ्यात इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या चाकाआड भिजत बसलेली ती आम्हाला सापडली आणि तेव्हापासून ती घराबाहेर गेलेली नाही. तिच्यासाठी आम्ही स्प्रिंगवर डोलणारा उंदीर, घुंगरू भरलेले प्लॅस्टिकचे चेंडू, बॅटरीवर तडफडणारा कापडी मासा आणि गोल खाचेत फिरणारा चेंडू असे बरेच काही आणून पाहिले. माशाला घाबरून ती पलंगाखाली गेली ती रात्री जेवायलाच बाहेर आली. बाकीची खेळणी दोन-दोन दिवस टिकली.

उलगडा झाला तो अगदी वेगळ्याच ठिकाणी. एका दुपारी सासूबाई सतरंजीवर बसून परकरात नाडी ओवत होत्या. नाडीचे एक टोक सेफ्टी पिनेला अडकवून त्यांनी नेफ्यात सरकवले होते आणि दुसरे टोक लांबवर पसरलेले होते. त्या बोटांनी पीन चाचपत पुढे सारत होत्या, आणि त्यासरशी ते मोकळे टोक सतरंजीवरून चार बोटे सरके, थांबे, किंचित थरथरे आणि पुन्हा सरके. खिडकीत झोपलेली ठमी केव्हा खाली उतरली ते आम्हाला कळलेही नाही. पोट जमिनीला टेकवून, कान पुढे रोखून ती त्या टोकाकडे पाहत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून डोळे काळेभोर झाले होते. तिचा मागचा भाग दोन-तीन वेळा डावीउजवीकडे हलला आणि नाडीचे शेवटचे टोक नेफ्याच्या भोकात शिरत असतानाच तिने झेप घेतली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिला खेळणं नकोच आहे. हिला पळून जाणारं काहीतरी हवंय."

त्यानंतर मी या प्रश्नाकडे वेगळ्या रीतीने पाहू लागले, आणि ज्यांच्या घरी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उद्भवतो त्यांच्यासाठी जे समजले आणि जे प्रत्यक्षात उपयोगी पडले ते येथे सविस्तर मांडत आहे. मुख्य मुद्दा इतकाच की मांजर खेळते ती हालचालीशी, आणि ती हालचाल तिच्या मनातल्या सावजाशी जुळली नाही तर वस्तू कितीही महाग असली तरी तिच्या लेखी ती निर्जीवच राहते.

प्रथम प्रकृतीची खात्री

जी मांजर पूर्वी खेळत होती आणि अलीकडे खेळेनाशी झाली आहे, तिच्यासाठी नवे खेळणे शोधण्यापूर्वी पशुवैद्यांची भेट घ्यावी. दात किंवा हिरड्या दुखत असतील तर मांजर तोंडात काही धरायला नाखूश असते. सांधे दुखत असतील तर उडी टाळते. वजन फार वाढलेले असेल तर दोन झेपांतच दमते. सांध्यांचे दुखणे मांजरी फार लपवतात. २००२ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरील १०० मांजरींच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांपैकी ९० मांजरींमध्ये सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या होत्या. म्हणून म्हातारी मांजर कपाटावर चढायचे सोडते, तेव्हा "आता वय झाले" एवढ्यावर थांबू नये. मुंबईत परळचे जनावरांचे मोठे इस्पितळ, ज्याला जुने मुंबईकर अजूनही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते सर्वांना ठाऊक आहेच. पण आपल्या जवळपास मांजरींची सवय असलेले डॉक्टर असतील तर तेथे जाणे अधिक सोयीचे, कारण टोपलीत बसून लांबचा प्रवास करणे हाच मांजरीला मोठा त्रास असतो.

प्रकृती ठणठणीत असेल तर पुढे जावे.

खेळणे तिसऱ्या दिवशी का मरते

साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मांजरींपुढे तेच खेळणे थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ठेवले. तिसऱ्या खेपेपर्यंत त्यांचा रस अगदी आटला. मात्र त्यानंतर लगेचच रंगाने वेगळे असे खेळणे पुढे आल्यावर त्याच मांजरी पुन्हा जोमाने खेळू लागल्या. म्हणजे त्या दमल्या नव्हत्या आणि खेळण्याची इच्छाही संपली नव्हती. संपले होते ते त्या एका वस्तूचे आकर्षण.

यामागचे कारण शिकारीच्या दृष्टीने पाहिले की सहज पटते. खऱ्या उंदराला दोन-चार चावे बसले की त्याच्यात फरक पडतो: तो ढिला पडतो, त्याचा वास बदलतो, तो फाटतो आणि अखेरीस पोटात जातो. रबरी उंदराला शंभर चावे घेतले तरी तो होता तसाच राहतो. ज्यात काहीच बदल होत नाही ते सावज नव्हे, अशी मांजरीची समजूत होते आणि ती त्याचा नाद सोडते. शिवाय जे खेळणे दिवसभर जमिनीवर पडून असते त्याला घराचा आणि तिच्या स्वतःच्या अंगाचा वास लागतो, आणि ते तिच्या लेखी टेबल-खुर्चीसारखे सामान होऊन जाते.

यातून दोन उपाय निघतात आणि दोन्ही बिनखर्चाचे आहेत. पहिला असा की खेळ संपताच खेळणे उचलून ठेवावे. आमच्याकडे झाकणाचा एक जुना स्टीलचा डबा यासाठी राखून ठेवला आहे. त्यात चार-पाच खेळणी असतात, एका वेळी त्यांतले एकच बाहेर येते आणि पुढे तीन-चार दिवस ते पुन्हा येत नाही. मांजरीने एका खेळण्याकडे पाठ फिरवली तर तेवढ्यावर खेळ गुंडाळू नये. ते बाजूला ठेवून लगेच दुसरे काढावे, कारण वर सांगितलेल्या प्रयोगाचा अनुभव घरोघरी येतो. दुसरा उपाय असा की काही खेळणी तरी फाटणारी असावीत. वर्तमानपत्राचा कागद घट्ट पिळून केलेली सुरळी, वाण्याच्या खाकी पिशवीचा चुरगळलेला गोळा, स्वच्छ पुठ्ठ्याची नळी यांवर तिचे दात-नखे उमटतात, तुकडे पडतात, आणि आपण काहीतरी केले याचा पुरावा तिला मिळतो. तुकडे गिळले जाऊ नयेत म्हणून खेळ संपताच ते गोळा करून टाकावेत, एवढे पथ्य पाळावे.

आपल्या मांजरीचे सावज ओळखणे

चोखंदळ मांजरीच्या बाबतीत खरी मेख येथे आहे, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. प्रत्येक मांजरीची शिकारीची आवड वेगळी असते. एखादीला जमिनीवरून पळणारे हवे असते, एखादीला हवेतून उडणारे, एखादीला भिंतीवरून सरपटणारे. दुकानात मिळणारी बहुतेक खेळणी उंदीर किंवा पक्षी यांच्या कल्पनेवर बेतलेली असतात, आणि आपल्या मांजरीची आवड तिसरीच असेल तर सगळी खरेदी वाया जाते.

सुदैवाने मुंबईतले घर म्हणजे या परीक्षेसाठी तयार प्रयोगशाळाच आहे. आठवडाभर तिच्यावर केवळ लक्ष ठेवावे. खिडकीच्या ग्रिलवर कबूतर येऊन बसले की ती दात कटकटवत विचित्र आवाज काढते का? पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती पाखरे जमली की मागच्या पायांवर उभी राहते का? ओट्याखाली झुरळ दिसले की तासभर तेथेच ठाण मांडते का? की भिंतीवरच्या पालीखाली मान वर करून बसून राहते? ज्याच्यासाठी ती जेवण सोडून जाते, तेच तिचे सावज समजावे. ठमीच्या बाबतीत उत्तर पाल हे होते, आणि ते कळल्यावर नाडीची गोष्टही उमगली: बारीक, लांब, क्षणात सरकणारे, बराच वेळ निपचित राहणारे आणि फटीत नाहीसे होणारे. पालीची चाल हुबेहूब अशीच असते.

पक्ष्यांची ओढ असलेल्या मांजरीला काठीला दोरी आणि दोरीला पिसे असे खेळणे आवडते. मात्र ते जमिनीवर उतरून चालणारे, मध्येच फडफडून हातभर उडणारे असावे, कारण सतत हवेत गरगरणाऱ्या पिसांमागे मांजर दोन मिनिटांत थकते. त्या वेळी छताचा पंखा बंद करावा, हेही येथेच सांगून ठेवते. किड्यांची ओढ असेल तर हलके, अनपेक्षित उसळणारे काहीतरी हवे. त्यासाठी मला सापडलेली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे खराट्याचा हीर. नारळाच्या झावळीचा हा हीर लवचीक असतो; त्याच्या बारीक टोकाला कागदाची पेराएवढी सुरळी घट्ट बसवली आणि जाड टोक हातात धरून मनगट किंचित हलवले की पुढची सुरळी माशीसारखी नाचू लागते. तिची उडी कोठे पडेल ते आपल्यालाही आधी सांगता येत नाही, आणि मांजरीला नेमके तेच हवे असते. जाड टोकाला कापड गुंडाळून घ्यावे आणि हीर चिरफळू लागला की लगेच बदलावा, म्हणजे डोळ्याला इजा होण्याची भीती राहत नाही.

उंदराची आवड असलेल्या मांजरीसाठी तर घरातली सतरंजीच पुरते. सतरंजीखाली काठी घालून हळूहळू सरकवली की वर फिरता उंचवटा दिसतो आणि खरखर ऐकू येते. मांजरीला अतिशय उच्च पट्टीतले, आपल्याला मुळीच ऐकू न येणारे आवाजही ऐकू येतात. उंदरांचे आपसांतले बोलणे त्याच पट्टीत चालते. म्हणूनच मोठ्या घुंगरापेक्षा कागदाची अगदी बारीक सळसळ तिला अधिक खेचून घेते.

आकाराबद्दल एक सूचना करते. बिचकणाऱ्या मांजरीसाठी खेळणे लहान, साधारण उंदराएवढे किंवा त्याहूनही बारीक असावे. मोठ्या सावजाला प्रतिकार करता येतो, हे तिच्या रक्तात असते. अपवाद फक्त मिठी मारून मागच्या पायांनी लाथा झाडण्याच्या खेळाचा. त्यासाठी जुन्या सुती मोज्यात कापडाच्या चिंध्या ठासून, तोंड घट्ट शिवून हातभर लांबीची उशी करून द्यावी. जी मांजर खेळता खेळता आपल्या हाताला धरून लाथा मारते, तिला ही उशी लगेच समजते, आणि आपले हातही वाचतात.

खेळवण्यातल्या चुका

योग्य खेळणे हाती असूनही मांजर खेळत नाही, याचे कारण बहुधा आपल्या हातात असते. सर्वांत मोठी चूक म्हणजे खेळणे तिच्या तोंडापुढे नाचवणे. कोणतेही सावज शिकाऱ्याच्या अंगावर चालून येत नाही. तसे आले तर शिकारी घाबरतो किंवा संशय घेतो. खेळणे नेहमी तिच्यापासून दूर जाणारे किंवा तिच्यासमोरून आडवे जाणारे असावे. दुसरे असे की मांजरीला साधारण वीतभर अंतराच्या आतले स्पष्ट दिसत नाही. इतक्या जवळचे ती मिशांनी आणि ओठांनी चाचपते. तेव्हा नाकापुढे धरलेल्या खेळण्याकडे ती दुर्लक्ष करते त्यात नवल नाही. दोन-तीन हातांच्या अंतरापासून सुरुवात करावी.

दुसरी चूक घाईची. आपण अर्धा मिनिट काठी हलवतो, मांजर नुसती पाहत राहते, आणि "हिला नको आहे" म्हणून आपण उठतो. वस्तुतः ती पाहत असते तेव्हाच खेळ सुरू झालेला असतो. रानात कोणतीही मांजर शिकारीचा बहुतेक वेळ दबा धरून बसण्यात घालवते. तिचे कान कोठे आहेत, मिशा पुढे आल्या आहेत का, बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत का हे पाहावे. ही लक्षणे दिसत असतील तर खेळणे अगदी स्तब्ध ठेवावे, मग टोक नुसते थरथरवावे आणि हळूहळू दाराआड, उशीमागे किंवा पडद्याखाली नेऊन दिसेनासे करावे. ज्या क्षणी ते नाहीसे होऊ लागते, त्या क्षणी झेप पडते. ठमीला कधीकधी पहिल्या झेपेपूर्वी चार मिनिटे लागतात आणि त्या चार मिनिटांत मी जवळजवळ काहीच करत नाही.

तिसरी चूक म्हणजे तिला काही हाती लागूच न देणे. दर तीन-चार झेपांमागे एकदा तरी सावज तिच्या पंजात सापडावे, तिने ते चावावे, तोंडात धरून कोपऱ्यात न्यावे. जमिनीवर-भिंतीवर पाडून मांजरीला पळवायच्या लेझरच्या लाल ठिपक्याबाबत माझी हरकत याच कारणासाठी आहे. प्रकाश कधीच हाती लागत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या घरांत लेझरचा खेळ अधिक होतो त्या घरांतील मांजरींमध्ये सावल्यांचा आणि उजेडाचा पाठलाग करत राहणे, एखाद्याच खेळण्याचा ध्यास घेणे अशा सवयी अधिक दिसल्याचे मालकांनी नोंदवले होते. यावरून एकामुळेच दुसरे होते असे सिद्ध होत नाही. तरी अस्वस्थ स्वभावाच्या मांजरीपुढे तो ठिपका आणू नये असे मला मनापासून वाटते.

वेळ आणि जागा

पोट भरलेली मांजर झोपते, भुकेली मांजर शिकारीला निघते. साउथॅम्प्टनच्याच संशोधकांनी १९९८ मध्ये असे दाखवले होते की भूक लागलेल्या मांजरी अधिक जोमाने खेळतात आणि एरवी ज्या मोठ्या खेळण्याला बिचकतात, त्याच्याही जवळ जातात. म्हणून जेवणानंतर खेळ हा क्रम उलटा करावा. आमच्याकडे रात्री कामावरून सगळे परतले आणि हातपाय धुऊन झाले की आधी दहा मिनिटे खेळ आणि लगेच ठमीचे जेवण, असा नेम ठरला आहे. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा तिचा जन्मजात क्रम त्यामुळे पूर्ण होतो, आणि पहाटेची धावपळ दोन आठवड्यांतच बरीच कमी झाली. दिवसभर वाटीत कोरडे खाणे भरून ठेवण्याची पद्धत असेल तर खेळण्याची गोडी लागणे अवघड जाते. ती आधी बंद करून खाण्याच्या वेळा ठरवाव्यात. उपाशी ठेवावे असा याचा अर्थ मुळीच नाही.

खेळ थोडाच असावा, पण रोज असावा. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या घरांत मांजरीला रोज पाच ते दहा मिनिटे खेळवले गेले, तेथे तिने शिकार करून घरी आणलेल्या प्राण्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी घटली. खेळ आणि शिकार एकाच खात्यावर जमा होतात, हे यावरून दिसते. आणि ज्या मांजरीला फ्लॅटमध्ये शिकार मिळतच नाही, तिच्या खात्यावर आपण रोज दहा मिनिटे तरी जमा करायलाच हवीत.

जागेबाबत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मुंबईच्या घरांतील गुळगुळीत लाद्यांवर धावणारी मांजर वळताना घसरते. दोन-तीन वेळा घसरून आपटली की ती झेप घेणेच सोडते आणि आपण त्याला नखरा म्हणतो. सतरंजी, चटई किंवा जाड पायपुसणे अंथरून त्यावर खेळवले की फरक त्याच दिवशी दिसतो. कुकरच्या शिट्ट्या होत असताना, शेजारच्या पुनर्विकासाच्या कामावर यंत्रे खणत असताना किंवा रस्त्यावर ढोल-ताशे वाजत असताना खेळाची अपेक्षा करू नये. भ्यालेली मांजर शिकार करत नाही. मे महिन्याच्या दुपारीही तिला तसेच पडू द्यावे. खेळताना बाल्कनीचे दार बंद असावे आणि खिडकीला पक्की जाळी असावी, कारण झेपेच्या भरात तिला कठड्याचे भान राहत नाही.

रंगाविषयी लोक बरेच विचारतात. मांजरीला लाल रंग नीट ओळखू येत नाही. निळा आणि पिवळसर त्यापेक्षा बरे दिसतात. मात्र रंगापेक्षा जमिनीशी असलेला विरोध अधिक उपयोगी पडतो: पांढऱ्या लादीवर गडद खेळणे, काळ्या लादीवर फिके.

वासाची मदत

वासाने मांजरींना चेव आणणाऱ्या कॅटनिप नावाच्या वनस्पतीचा वाळलेला पाला आता मुंबईतल्या पाळीव प्राण्यांच्या बहुतेक दुकानांत मिळतो. त्याचा परिणाम सुमारे दोन तृतीयांश मांजरींवरच होतो आणि तो गुण आनुवंशिक असतो. लहान पिल्लांवर तर पहिले काही महिने होतच नाही. त्यामुळे ठेवलेल्या पाल्याकडे मांजरीने पाहिले नाही तर तिच्यात काही उणे आहे असे समजू नये. सिल्व्हर वाइन या दुसऱ्या वनस्पतीची भुकटी काही ठिकाणी मिळते आणि कॅटनिपला दाद न देणाऱ्या अनेक मांजरी तिला देतात. आपल्याकडे कुंड्यांत आणि भिंतींच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या खोकली या रोपट्याच्या मुळांचा वासही मांजरींना फार खेचतो. पण ते औषधी झाड असल्यामुळे त्याची मुळे मांजरीला खाऊ देऊ नयेत असे माझे मत आहे.

आमच्या घरात या सर्वांपेक्षा जास्त उपयोगी पडला तो सुका जवळा. मूठभर जवळा मलमलीच्या पुरचुंडीत बांधून खेळण्यांच्या डब्यात एक रात्र ठेवायचा आणि सकाळी पुरचुंडी काढून टाकायची. खेळण्यांना लागलेला वास दोन-तीन दिवस राहतो. असे खेळणे मांजर अधिक जोराने चावते, म्हणून ते तिच्याजवळ एकटे सोडू नये. पावसाळ्यात कापडी खेळणी आणि पिसे यांना बुरशी लवकर धरते. आठवड्यातून एकदा ती कोमट पाण्यात धुऊन, पंख्याखाली पूर्ण कोरडी करूनच डब्यात ठेवावीत. कुबट वासाच्या खेळण्याकडे मांजर फिरकत नाही, आणि पावसाळ्यात अचानक सुटलेल्या खेळामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

दोऱ्याचा धोका

येथे मला अत्यंत गंभीरपणे लिहायचे आहे. ज्या नाडीने आमचा प्रश्न सुटला, ती नाडी मी ठमीजवळ एक क्षणही एकटी सोडत नाही. मांजरीच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. दोरा एकदा तोंडात गेला की तो तिला थुंकून टाकता येत नाही, तो आतच जात राहतो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकले आणि उरलेला दोरा आतड्यात उतरला, तर नेफ्यात नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात, आणि दोरा आतडे कापू शकतो. अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. लोकर, शिवणाचा दोरा, रबरबँड, गजऱ्याचा दोरा, गणपतीच्या सजावटीतली चमकदार झिरमिळी आणि संक्रांतीच्या दिवसांत खिडकीत येऊन अडकलेला मांजा या सर्वांना हे लागू आहे. सुईसह दोरा तर कधीच बाहेर ठेवू नये. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. मांजरीला आहे तशीच उचलून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. दोरा दिसत नसला तरी उलट्या, जेवण बंद आणि कोपऱ्यात दबून बसणे ही लक्षणे एकत्र दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. खेळण्यावर चिकटवलेले डोळे, मणी आणि घुंगरूही घरी आणताच ओढून पाहावेत आणि जे हलेल ते काढून टाकावे.

तरीही खेळत नसेल तर

नुकतीच दत्तक घेतलेली किंवा रस्त्यावरून आणलेली मोठी मांजर कित्येक आठवडे मुळीच खेळत नाही, कारण तिला अजून घर सुरक्षित वाटत नसते. तिच्याजवळ काठी नेण्यापेक्षा पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात तिला बसू द्यावे आणि खोक्याच्या कडेवरून हिराचे टोक सावकाश जाऊ द्यावे. ती लपलेली असते आणि सावज उघड्यावर असते, म्हणून तिची भीती कमी होते. खोक्याच्या बाजूला दोन-तीन भोके पाडली तर त्यांतून आत-बाहेर होणारे टोक पकडायला पंजा हमखास बाहेर येतो.

म्हाताऱ्या मांजरीला उड्यांची सक्ती नको. ती आडवी पडलेली असताना तिच्या पंजांच्या टप्प्यात खेळणे फिरवावे. दोन मिनिटे पुरतात. जी मांजर माणसांबरोबर खेळतच नाही पण खाण्यावर जीव टाकते, तिच्यासाठी परात घ्यावी, तीत टेबल टेनिसचे पाच-सहा चेंडू ठेवावेत आणि त्यांखाली तिच्या नेहमीच्या खाण्याचे दाणे पसरावेत. चेंडू बाजूला सारल्याशिवाय दाणा मिळत नाही, आणि सारलेला चेंडू परातीच्या काठाला लागून परत येतो. स्टीलचा आवाज ज्यांच्या मांजरीला सोसत नाही त्यांनी परातीत पातळ नॅपकिन अंथरावा. आमच्या शेजारच्या घरातील बोका, ज्याने दोन वर्षांत एकाही खेळण्याकडे पाहिले नव्हते, तो पहिल्याच दिवशी या परातीपाशी पाव तास होता आणि दाणे संपल्यावरही चेंडू ढकलत राहिला.

एका उपायाला किमान आठवडाभर, रोज त्याच वेळी, संधी द्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी; खेळणे, जागा आणि वेळ एकदम बदलली तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. मी रोजच्या कॅलेंडरवर त्या दिवशीचे खेळणे आणि किती मिनिटे खेळ झाला एवढेच लिहीत असे. महिनाभराने पाहिले तेव्हा हिराच्या दिवसांपुढे नऊ, अकरा, दहा असे आकडे होते आणि घुंगराच्या चेंडूपुढे एक, शून्य, शून्य. चेंडू इमारतीतल्या दुसऱ्या घरी दिले. नवा हीर दर आठ-दहा दिवसांनी खराट्यातून ओढून काढावा लागतो, कारण तोवर ठमीने तो कुरतडून अर्धा केलेला असतो.